खांबापासून मागच्या पडवीपर्यंत

2024 च्या जुलैची 20 तारीख, रात्रीचे साडेनऊ. कौलांवर पावसाचा धो धो आवाज आणि माझ्या सहा गिऱ्हाइकांची जीएसटीआर-थ्रीबी, म्हणजे जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं, अजून भरायची होती. मी करसल्लागार आहे. दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहते आणि घराच्या मागच्या पडवीत माझं ऑफिस आहे. 20 तारीख चुकली की दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागतं, वर थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बाजारातले किराणावाले, हार्डवेअरवाले, एक काजू कारखाना. त्यांची बिलं माझ्या हातात येतात तीच 18-19 तारखेला. त्यामुळे 20 ची संध्याकाळ मला फार जपावी लागते.

त्या दिवशी दुपारपासून नेट येत-जात होतं. साडेनऊला ओटीपी टाकायच्या वेळी जे गेलं ते आलंच नाही. आमची वाडी खोलगट जागी आहे, तिथे मोबाइलची रेंज जेमतेम एक काडी. यांनी पिकअप बाहेर काढली आणि आम्ही दोघं वर सड्यावर, डोंगरावरच्या मोकळ्या पठारावर, गेलो. काचांवर पाऊस आपटतोय, लॅपटॉप माझ्या मांडीवर, यांच्या हातात मोबाइल, त्याचं हॉटस्पॉट. 11 वाजून 40 मिनिटांनी सहावं विवरणपत्र गेलं. उतरताना हे म्हणाले, "पुढच्या 20 तारखेच्या आधी याचा सोक्षमोक्ष लावूया." तिथून हे सगळं सुरू झालं.

मागचं थोडं सांगते. आमच्याकडे पूर्वी तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन फोन आणि त्यावरच ब्रॉडबँड होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे त्याने काय केलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. माड, पोफळी, विजेचे खांब आडवे झाले आणि आमची तारही त्यांच्याबरोबर गेली. मग एका स्थानिक कंपनीचं टॉवरवरून येणारं रेडिओ कनेक्शन घेतलं. कौलांच्या वर पाइप उभा करून त्याला छोटी डिश लावतात आणि ती डोंगरावरच्या टॉवरकडे तोंड करून बसते. त्या वेळी दुसरं काही मिळतच नव्हतं आणि पहिली दोन वर्षं त्याने चांगलं काम केलं. पण डिश आणि टॉवर यांच्यामध्ये मोकळी नजर लागते. मधल्या परसातला फणस दोन वर्षांत वर आला. फणसाची ओली पानं म्हणजे त्या लहरींना भिंतच. शेजारच्यांचा फळता फणस तोडा असं मी कोणाला सांगणार?

सोक्षमोक्ष लावायचा म्हणजे आधी हिशेब पाहिजे. नुसतं "नेट सारखं जातं" म्हटलं तर कोणीच मनावर घेत नाही. मी एक वही घेतली आणि रोजमेळासारखी मांडली: तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, पाऊस होता का, घरात वीज होती का. 14 दिवसांत 43 नोंदी झाल्या. त्यातल्या 29 वेळा आमच्या घरी वीज होती. म्हणजे दोष आमच्या इन्व्हर्टरचा नव्हता, टॉवरकडची वीज जात होती आणि तिथली बॅटरी टिकत नव्हती. वही लिहिली नसती तर मी आणखी मोठी बॅटरी आणून घरात लावली असती आणि पैसे फुकट गेले असते. कंपनी बदलायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने निदान आठवडाभर अशी वही लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट वहीतूनच कळली. वेग ही माझी अडचण नव्हतीच. आपल्याकडे सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे 2004 साली कमीत कमी 256 केबीपीएस होतं, पुढे ते 512 झालं आणि जानेवारी 2023 पासून 2 एमबीपीएस. जीएसटीच्या पोर्टलला तेवढंही पुरतं. मला हवं होतं ते न तुटणारं नेट आणि थोडा बरा अपलोड. स्कॅन केलेली बिलं चढवायला रेडिओवर अपलोड जेमतेम एक एमबीपीएस मिळायचा. त्यात मुलाचा अकरावीचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की सरांचा आवाज त्याला यायचा, पण याचा आवाज सरांना जायचा नाही.

मग चौकशा सुरू केल्या. कंपन्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीची तार एका गावात उत्तम चालते आणि शेजारच्या गावात रडते. नावावरून काही ठरत नाही, हेच तर मला सांगायचं आहे.

पहिल्या मोठ्या कंपनीला फोन केला. पिनकोड विचारला, "सेवा उपलब्ध आहे" म्हणाले, आगाऊ पैसेही भरून घेतले. चार दिवसांनी माणूस आला. रस्त्यावरच्या खांबाकडे बघितलं, आमच्या पाखाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आमचं फायबर तिठ्यापर्यंतच आहे. इथून सातशे मीटर. एवढी तार आम्ही एका घरासाठी ओढत नाही." फायबर म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार. माणूस सरळ होता, चूक त्याची नव्हती. एका पिनकोडात आमच्याकडे किती गावं आणि किती वाड्या येतात! पैसे परत मिळायला तीन आठवडे आणि पाच फोन लागले. तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते की आधी माणूस येऊन खांब बघू दे, पैसे मग भरा.

दुसरा पर्याय फाइव्ह-जीवर चालणारा, घराबाहेर पेटी लावायचा. शहरात याचा चांगला उपयोग होतो असं माझी पुण्याची नणंद सांगते. पण आमच्या खोलगट वाडीत पेटीला सिग्नल आला तो फक्त माळ्याच्या खिडकीत, तोही एकच काडी. आणि एक टॉवर सोडून दुसऱ्या टॉवरवर मी का जाऊ? तो विषय तिथेच संपला.

तिसरा आमचा केबलवाला. खालच्या वाडीतला, पंचविशीपासून टीव्हीची केबल टाकत आलेला. आता तो एका मोठ्या कंपनीचा भागीदार आहे. इंटरनेट त्या कंपनीचं, गावातली फायबर आणि देखभाल याची, बिलातला वाटा याला. तो ओटीवर येऊन बसला तेव्हा मी वही उघडली आणि एकेक विचारायला लागले. तार तुटली तर जोडायचं मशिन कुठे असतं? "माझ्या घरात. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलंय." तुमच्या मुख्य पेटीकडे वीज गेली तर? "इन्व्हर्टर आहे, दोन बॅटऱ्या. सहा तास काढतात." एका तारेवर किती घरं?

हा प्रश्न मी शिकून विचारला होता. या प्रकारच्या फायबरमध्ये मुख्य ठिकाणाहून निघालेली एक तार स्प्लिटरने वाटून 32 किंवा 64 घरांना देतात. खाली येणारा साधारण अडीच जीबीपीएसचा प्रवाह सगळ्यांत मिळून असतो. तो म्हणाला, "तुमच्या बाजूच्या तारेवर सध्या 19." मग मी शेवटचं विचारलं, 20 तारखेला रात्री लाइन गेली तर? त्याने सुपारी कातरता कातरता सांगितलं, "वहिनी, तुमची लाइन गेली म्हणजे माझ्या घरचीपण गेलेली असते. खांब तोच. माझी आई सिरियल बघते नऊची. ती मला बसू देईल का घरात?"

माझा निर्णय तिथेच झाला. 100 एमबीपीएस, वर आणि खाली सारखाच वेग, महिना 599 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 707 रुपये. बिल माझ्या व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलं. नोंदणी असलेल्यांनी हे पहिल्या दिवशीच सांगावं, नंतर नाव बदलून घेताना फार त्रास होतो.

आता तार कुठून आणायची? खांबापासून घर 180 मीटर. केबलवाल्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे खांबावरून आंब्याच्या कलमांना बांधत बांधत थेट ओटीच्या वाशापर्यंत. माझी त्याला तयारी होती, यांची नव्हती. हे रोज बागेत असतात. कुठली फांदी कधी मोडणार ते यांना ठाऊक. आणि वानरं! आमच्याकडे वानरं आणि केलटी, म्हणजे माकडं, दोन्ही आहेत. झाडावरून झाडावर जाताना मध्ये तार दिसली की ती धरून झोका घ्यायचाच. शेजारच्यांची केबल वर्षात चार वेळा अशीच तुटली. यांनी गोठ्यामागून पाण्याच्या काळ्या पाइपची जुनी गुंडाळी बाहेर काढली. ती कमी पडली म्हणून 60 मीटर नवी आणली. मग दोन दिवस गड्यांना घेऊन गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने हातभर खोल चर मारला, पाइप टाकला, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवली. केबलवाला आला तेव्हा त्याने दोरीला तार बांधली आणि अर्ध्या तासात ओढून घेतली. खांबाजवळची तीस-एक मीटर तेवढी हवेत राहिली. मजुरी आणि पाइप मिळून चार हजारांच्या आसपास खर्च आला. सगळ्या प्रकरणात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे हेच.

ओटीवर त्याने जोड मारला तो मी अगदी जवळून बघितला. काळ्या आवरणाच्या आत एक जाड पोलादी तार, तिच्या शेजारी हे नाजूक काचेचं. पोलादी तार त्याने घराबाहेरच छाटून टाकली. म्हणाला, ताण सोसण्यापुरती ती असते, आत आणली तर तिच्यावरून वीज घरात येईल. काचेतून वीज येत नाही. तांब्याच्या लाइनवर आमची दोन मॉडेमं विजेच्या कडकडाटात जळली होती, त्यामुळे त्या छाटलेल्या तारेकडे बघून मला केवढा धीर आला! मग त्याने आवरण सोललं, स्पिरिटच्या कापसाने काच पुसली, छोट्या कटरने टोक सरळ कापलं. केसाएवढी काच, 125 मायक्रॉनची. सासूबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. मशिनच्या छोट्या पडद्यावर दोन जाड रेघा समोरासमोर आल्या, जरा वरखाली झाल्या, टिक असा आवाज आला, मध्ये ठिणगी दिसली आणि दोन रेघांची एक झाली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाई गं, सांधा दिसतसुद्धा नाही."

पण मॉडेम लावल्यावर तो मीटर बघून गप्प झाला. लाइट मायनस 26.8. ही मंडळी फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि तिला सरळ "लाइट" म्हणतात. आकडा शून्यापासून जितका लांब, तितका उजेड कमी. मायनस 27-28 च्या पलीकडे गेलं की मॉडेमला काही दिसेनासं होतं आणि त्यावरचा लाल दिवा लागतो. नेट तर चालू झालं होतं, वेगही पूर्ण येत होता. दुसरा कोणी असता तर सही घेऊन निघून गेला असता. हा म्हणाला, "आज चालेल. पावसात जोडाच्या डब्यात ओल धरली की जाईल." अर्धा तास तो शोधत होता. खिडकीच्या चौकटीपाशी तार काटकोनात वळवून वर क्लिप ठोकली होती. काच तुटली नव्हती, पण तेवढ्या तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. क्लिप काढली, वाटीच्या काठाएवढं गोल वळण दिलं, शेवटचा कनेक्टर बदलला. मायनस 21.4. हा फरक दिसायला लहान आहे, पण दर तीन डीबीला प्रकाश दुप्पट होतो. म्हणजे आता साडेतीन पट उजेड घरात येत होता. तो आकडा मी तारखेसकट वहीत लिहून ठेवला. नवीन कनेक्शन घेणाऱ्याने स्पीड टेस्ट बघण्याआधी हा आकडा विचारावा. वेग आजचं सांगतो, लाइटवरून पुढच्या पावसाळ्याचं कळतं.

इथपर्यंत नेट ओटीवर आलं. ऑफिस मागच्या पडवीत. मध्ये माजघर आणि स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर रुंद. हे चिरेबंदी घर उन्हाळ्यात गार राहतं पण वाय-फायला आत शिरू देत नाही. मुलाने मोबाइलवर सिग्नल मोजणारं ॲप घेतलं आणि कंपनीने दिलेला मॉडेम ओटीवर ठेवून घरभर फिरला. इथेही आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमी. ओटीवर मायनस 40, माजघरात मायनस 63, मागच्या पडवीत मायनस 81 आणि तेही वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर. 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण जाड भिंतीत ते आधी दम तोडतं. पडवीत त्याचं नावसुद्धा यादीत येत नव्हतं. मजा म्हणजे सगळी दारं एका रेषेत उघडी ठेवली की पडवीतला आकडा सुधारायचा. सिग्नल चिऱ्यातून येतच नव्हता, दारातून येत होता. रात्री दारं लावली की गेला.

राउटर घ्यायला दापोलीत गेलो. दुकानदाराने आठ अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा एक पुढे ठेवला. "बंगल्याला हाच लागतो." किंमत नऊ हजार. तो खोटं बोलत नव्हता, पण त्याच्या डोळ्यासमोर विटांच्या पातळ भिंती होत्या. राउटर किती मोठ्याने बोलतो याला अर्थ नाही, मोबाइललाही तेवढ्याच मोठ्याने उलट बोलता यायला हवं, आणि मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. आम्ही त्यापेक्षा वाय-फाय 6 चे दोन साधे राउटर घेतले, प्रत्येकी तीन हजारांच्या आत, एकाच कंपनीचे आणि एकमेकांशी जोडून चालणारे. खोक्यावर एकच गोष्ट शोधली, केबल लावायचे सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचे, आहेत का. स्वस्तातल्या काही राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असतात, पुढे मोठा प्लॅन घेतला तरी 95 च्या वर काही मिळत नाही.

दोन राउटर हवेतून जोडायचे नाहीत हे माझं पक्कं होतं. ज्या भिंतीतून मोबाइलला सिग्नल मिळत नाही, तिच्यातून दुसऱ्या राउटरला तरी कुठून मिळणार? पहिला माजघरात, मांडणीच्या वर. तिथून कॅट-6, म्हणजे नेटवर्कची, केबल पोटमाळ्यावरून, उंदरांसाठी कडक पाइपात घालून, मागच्या पडवीत. तिथे दुसरा. मुलगा आणि त्याचा मित्र रविवारी माळ्यावर चढले आणि कौलांखालची जळमटं डोक्यावर घेऊन खाली उतरले. पण काम चोख. पडवीत आता मायनस 45 येतं, दारं बंद असली तरी. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, त्यामुळे सासूबाई मोबाइल हातात घेऊन ओटीवरून परसात गेल्या तरी नणंदेचा चेहरा मध्येच गोठत नाही.

विजेचंही बघावं लागलं. घराचा इन्व्हर्टर आहेच, पण तो चालू होताना क्षणभर झटका बसतो आणि मॉडेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तीन मिनिटं जातात. ओटीपीची मुदत तेवढ्यात संपू शकते. म्हणून 12 व्होल्टचे दोन मिनी यूपीएस, म्हणजे बॅटरीचे छोटे डबे, घेतले, एक मॉडेम आणि माजघरातल्या राउटरसाठी, एक पडवीत. घेताना प्रत्येक अडॅप्टरवरचे ॲम्पिअर वाचून त्यांची बेरीज केली. एकाच यूपीएसवर दोन यंत्रं लावायची तर बेरीज त्याच्या क्षमतेत बसायला हवी, नाहीतर ऐन वेळी दोन्ही बंद पडतात.

हे सगळं 17 ऑगस्टला पूर्ण झालं. 20 ऑगस्टला विवरणपत्रं दुपारी चारलाच भरून झाली.

नोव्हेंबरात एकदा लाल दिवा लागला. खांबाजवळच्या त्या तीस मीटरवर केलट्यांनी हात मारला होता. सकाळी सव्वानऊला फोन केला, साडेअकराला तो शिडी घेऊन खांबावर आणि बाराला नेट चालू. जाताना मीटर लावून दाखवला. मायनस 21.9. नवीन जोडापायी अर्धा डीबी गेला, बाकी सगळं जसंच्या तसं. वहीत लिहिलं.

यंदा जूनमध्ये काजूची नवीन रोपं लावायला गडी आले. गडग्याच्या कडेने यांनी आधीच चुन्याचे पट्टे ओढून ठेवले होते, दर दहा पावलांवर एक. तरी सकाळी सगळ्यांना उभं करून यांनी बोटाने दाखवलं, "या रेषेच्या अलीकडे कुदळ लावू नका. खाली वहिनींची तार आहे." एकाने विचारलं, विजेची का? हे म्हणाले, "नाही रे, काचेची."